खुणा मार्करनेच करायच्या

लोकरीच्या कापडावर पक्क्या शाईचा डाग पडला की तो निघत नाही. काढायला गेलं की पसरतो. हे मला आधीपासून माहीत होतं. डोंबिवलीत ब्लाउजच्या दुकानात मी अकरा वर्षं काजबटणं केली आणि भरतकामाचे खाके छापले. मी आता ज्या क्लबात कामाला आहे तिथल्या मॅनेजरला हे माहीत नव्हतं, त्यात त्याचा दोष नाही. पण त्याने पाडलेले डाग माझ्या नावावर टाकले, आणि ते मी विसरले नाही. विसरायचा प्रयत्नही केला नाही.

मी नौपाड्यातल्या एका जुन्या क्लबात साफसफाईला आहे. खाली कॅरम आणि वाचायची खोली, वर बिलियर्डचं एकच टेबल. मी लागले तेव्हा टेबल बघायला मार्करकाका होते. टेबलापाशी उभं राहून गुण मांडणारा, बॉल पुसणारा, टेबलाची काळजी घेणारा माणूस म्हणजे मार्कर. क्लबात हा शब्द माणसासाठीच होता. काकांनी तिथे तीस वर्षं काढली, त्यामुळे त्यांचं खरं नाव निम्म्या मेंबरांना ठाऊक नसेल.

गुडघे दुखायला लागल्यावर काकांनी टेबलाला ब्रश मारायचं काम मला शिकवलं. त्या कापडाला बारीक लव असते. ब्रश एकाच दिशेने मारायचा, उलटा नाही.

"मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवलास तर काय करेल?" त्यांनी विचारलेलं.

"बोचकारेल."

"टेबल बोचकारत नाही. बॉल वाकडा नेतं. आणि मग मेंबर बोचकारतात."

मी फारशी बोलत नाही. लोकांसमोर माझा आवाज घशातच राहतो, लहानपणापासून. शाळेत चौथीनंतर गेले नाही, त्यालाही हे थोडं कारण होतं. बाईंनी उभं केलं की मला उत्तर येत असूनही बोलता यायचं नाही. म्हणून मला ते टेबल आवडायचं. सकाळी हॉल रिकामा असतो, खिडक्या उघडायच्या, कव्हर काढायचं, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ब्रश मारत जायचं. क्लबात हे एकच काम असं होतं की जे मी केलं आहे हे दिसायचं. मेंबर हात फिरवून म्हणायचे, आज कापड छान बसलंय. ते मला उद्देशून नसायचं, पण मला ऐकू यायचं.

काका निवृत्त होऊन मुलाकडे डोंबिवलीला गेले. त्यानंतर हा मॅनेजर आला. आधी कुठल्याशा जिममध्ये होता. तरतरीत, अत्तर लावणारा, सगळ्यांशी हसून बोलणारा. मला मावशी म्हणायचा, वय माझ्याहून फार तर दहाने कमी असेल. आल्याबरोबर त्याने भिंतीवर पांढरा बोर्ड लावला आणि कोणाला टेबल कधी मिळणार ते पेनाने त्यावर लिहायला लागला. तो बोर्ड रोज सकाळी पुसायचं काम माझ्याकडे आलं.

मस्टरवर मी सहीसमोर वेळ लिहायची ती मराठी आकड्यांत. इंग्रजी आकडे मला घड्याळात, बसवर वाचता येतात, पण हाताने काढता येत नाहीत. कधी काढावे लागलेच नाहीत. मॅनेजरला त्याची गंमत वाटायची. मस्टर उलटंसुलटं धरून तो म्हणायचा, मावशी, हे नऊ आहे की गोगलगाय? नंतर त्याने कमिटीच्या बैठकीत रीतसर तक्रार केली की सफाईवाल्या बाईंचे आकडे वाचता येत नाहीत. अध्यक्ष म्हणाले, येते ना वेळेवर, मग सोडा. मी तेव्हा चहाचे कप उचलत होते. ही तक्रार पुढे माझ्या कामाला इतकी येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मग पिनांचा खेळ आला. एका मेंबरने परदेशातून पाच छोट्या पांढऱ्या पिना आणल्या, बोटापेक्षा थोड्या मोठ्या. टेबलाच्या बरोबर मध्यावर एक उभी करायची आणि तिच्या चार बाजूंना चार. बॉल मारून त्या पाडायच्या, जेवढ्या पडतील तेवढे गुण. पाडलेली पिन परत तिच्याच जागी उभी करायची. अडचण एवढीच की जागा कापडावर कुठे लिहिलेली नव्हती. प्रत्येकजण अंदाजाने ठेवायचा, पिन जराशी सरकायची, आणि मोठमोठे डॉक्टर-वकील लहान पोरांसारखे भांडायचे. एकाने तर दुसऱ्याला विचारलं, कोर्टात पण असाच पुरावा हलवता का?

अध्यक्ष त्या वेळी मुलीकडे नाशिकला होते. त्यांनी मॅनेजरच्या फोनवर आवाजातला निरोप पाठवला. मी ब्रश मारत होते आणि त्याने तो माझ्यासमोरच लावला. अध्यक्षांचा संथ, स्वच्छ आवाज: "टेबलावर पाच जागांच्या खुणा करून घ्या. खुणा मार्करनेच करायच्या. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

मॅनेजरने तो दोनदा ऐकला. "मार्करनेच म्हणतात सर," तो स्वतःशी म्हणाला. मग माझ्याकडे वळून सांगितलं की मावशी, तुम्ही खाली जा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाहीये.

मला वाटलं, काकांना फोन करणार. मला बरंही वाटलं, काका येतील, भेट होईल. मी खाली जाऊन जिना पुसला.

वर आले तेव्हा वास आला. स्पिरिटचा. मॅनेजर टेबलावर ओणवा होऊन फडक्याने काहीतरी घासत होता. हिरव्या कापडावर मधोमध काळे ठिपके, प्रत्येकाशेजारी इंग्रजी आकडा. एक, दोन, तीन, चार. पाचव्याच्या जागी तळहाताएवढा डाग, काळपट जांभळा, आणि मधला हिरवा रंग उडालेला. त्याने पट्टीने मापं घेतली होती, एवढं खरं. तरी तिसरा ठिपका जरा बाहेर गेला होता. पाचही ठिपके काढून झाल्यावर त्याला वाटलं असणार की हे जरा जास्तच काळं दिसतंय, म्हणून स्पिरिटने एक काढून बघू. हातात जाड काळं पेन. आम्ही ज्याला मार्कर म्हणतो तेच, खोक्यांवर पत्ते लिहायचं.

त्याने मला बघितलं आणि कव्हर ओढलं.

संध्याकाळी कमिटीचे चार-पाच जण आले तेव्हा मी बादली घेऊन दारातच होते. मॅनेजरने कव्हर काढलं आणि सांगितलं की सरांचा निरोप मावशींनीही ऐकला होता. म्हणाला, मी फोनवर होतो. मार्कर म्हटल्यावर यांनी आपलं पेन उचललं. करणार काय, शिक्षण नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला उत्तर येत होतं. मी उघडलेलं तोंड मला अजून आठवतं. कुणीतरी विचारलं, कितवी शिकलात? मी म्हटलं, चौथी. तेवढाच शब्द बाहेर आला, आणि तोच नेमका त्याच्या कामाचा होता. सगळे हसले. फार वाईट हसले नाहीत, दमलेले लोक विनोदाला हसतात तसे. आकड्यांकडे कुणी बघितलंच नाही. अध्यक्षांना फोन लावला, त्यांचा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला.

"जाऊ द्या. अडाणी आहे बिचारी."

शिवी दिली असती तर चाललं असतं. बिचारी शब्दाने माझं अंग पेटलं.

दुसऱ्या दिवशी बोर्डाच्या वरच्या भागात मॅनेजरच्या अक्षरात ओळ होती: टेबलाला सफाई कर्मचाऱ्यांनी हात लावू नये. खाली कंसात: ही ओळ पुसू नये. म्हणजे मला रोज बोर्ड पुसायचा, आणि ती ओळ सोडून पुसायचा. फडकं तिच्या कडेकडेने न्यायचं. ब्रश मारायचं काम मॅनेजर करायला लागला, उलटसुलट, केर काढल्यासारखं. मेंबरांना नवा विनोद मिळाला होता. चहा हवा असला की कुणीतरी म्हणायचं, मावशी, मार्कर आणा. मी चहा आणायची.

कापड बदलायला माणसं आली तेव्हा जुनं कापड तुकडे करून टाकणार होते. इस्त्रीखाली घालायला ते छान असतं, म्हणून शिपाई, कॅंटीनवाला, सगळ्यांनी एकेक तुकडा मागितला. मी मधला मागितला.

"डागाचा?" कापड बसवणारा म्हणाला. "ताई, चांगला घ्या की."

मी म्हटलं, मला हाच पाहिजे.

घरी कळव्याला तो आणून ट्रंकेत ठेवला. काय करणार हे ठरलेलं नव्हतं. नुसता असू द्यावा असं वाटलं. कधीतरी काढून बघायची. त्याचे आकडे मला पाठ झाले. एकाला वर टोपी आणि खाली पाय. चार एका रेषेत काढलेला, उलट्या खुर्चीसारखा. तसाच चार तो रोज बोर्डावर काढायचा, आणि मी रोज पुसायची.

नव्या कापडावर पिनांचा खेळ बंद पडला. खुणा करायला कुणी धजेना. मग कल्याणच्या एका क्लबाशी मैत्रीचा सामना ठरला, आणि तोही पिनांचाच. मॅनेजरची धावपळ सुरू झाली. एक दिवस तो खडूने ठिपके काढत होता, दाबून, कापडावर खड्डे पडतील असे. मग त्याने टिकल्या लावून बघितल्या. टिकलीचा गोंद कापडात बसतो आणि काढताना लव उपटून येते. ते मी त्याला सांगितलं नाही. काठालगत लावल्या होत्या म्हणून टेबल वाचलं.

शेवटी अध्यक्षांनी काकांना बोलावून घेतलं. काका रिक्षातून उतरून धापा टाकत वर आले, टेबलावरून हात फिरवला आणि म्हणाले, मांजर उलटं चोळलंय कुणीतरी. मॅनेजर हसला, त्याला कळलं नाही. काकांना खाली वाकणं जमत नव्हतं. माझ्याकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, तुझ्या दुकानात कापडावर नक्षी कशी उतरवायचे?

मी त्यांना सांगितलं. कागदाला सुईने भोकं पाडायची, तो खाका. तो कापडावर ठेवायचा, आणि बारीक पुडीची पुरचुंडी वरून हलकेच टेकवायची. भोकातून पूड खाली उतरते, ठिपका उमटतो. काम झालं की झटकला, गेला. कापडाला काही कळत नाही.

"मग कर की," काका म्हणाले.

मॅनेजर मध्ये पडला. त्याला खुणा हव्या होत्या पण मी नको होते. बोर्डावरची ओळ त्याचीच. तेव्हा ठरलं ते असं की मी मेंबर येण्याआधी सकाळी खुणा करायच्या आणि निघून जायचं. मी हो म्हटलं. घरी गेल्यावर ट्रंक उघडली.

कागदाचा खाका टेबलावर सरकतो. कापडाचा कापडाला धरून राहतो. मी डागाचा तुकडा चौकोनी बेतला आणि ताणला जाऊ नये म्हणून मागून कॉलरमध्ये घालतात ते बकरम शिवलं. टेबलाचा मध्य काढायला समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोरे लावून घेतले होते, जिथे एकमेकांवर आले तो मध्य. तिथून शिंप्याच्या टेपने चार बाजूंची अंतरं. पाच भोकं पाडली. त्याच्या चार ठिपक्यांतले तीन माझ्या भोकांवर नेमके आले. तिसरा चुकला होता, तिथे माझं भोक त्याच्या ठिपक्याशेजारी पडलं. पाचवं डागातूनच पाडलं.

सकाळी हिरवी बाजू खाली, बकरम वर ठेवून पुरचुंडी टेकवायची. पाच पांढरे ठिपके, मोहरीएवढे. दोन-तीन डाव टिकायचे. मग दुसऱ्या सकाळी परत. खेळ सुरू झाला. मेंबर खूश झाले. कुणी विचारलं की मॅनेजर सांगायचा, एक पद्धत काढलीय मी. हे मी जिन्यावरून ऐकलं. ऐकून मला राग आला असं म्हणणार नाही. मला आनंद झाला. तो आपल्या पायाने चालत येत होता.

सामन्याच्या दिवशी हॉल भरला. कल्याणचे सात-आठ जण, आपले वीसेक, अध्यक्ष, आणि गुण मांडायला खुर्ची टाकून मार्करकाका. पहिल्या दोन डावांनंतर ठिपके पुसट झाले. कल्याणच्या कप्तानाला ही पद्धत बघायची होती, त्यांच्याकडेही कापड खराब व्हायची भीती होती. मॅनेजर रुबाबात म्हणाला, दाखवतो ना. आणि मला हाक मारली: मावशी, ते आणा.

मी आणलं. सगळे टेबलाभोवती उभे होते. मी कापड सरळ पसरलं, ती सवय आहे. ह्या खेपेला मी बकरम खाली घातलं आणि हिरवी बाजू वर. पाच खुणांची मांडणी दोन्हीकडून सारखीच असते, कामाला काही फरक पडत नाही. पुरचुंडी सावकाश टेकवली. एक. दोन. तीन. घाई केली नाही.

कप्तानाने विचारलं, हे आकडे आणि काळे ठिपके कशाला?

मॅनेजर हुशार आहे. लगेच म्हणाला की जुनं खराब झालेलं कापड आहे, वाया कशाला घालवायचं. अध्यक्ष चष्मा वर करून वाकले. "हे ते आपलं?"

"हो सर. मावशींनी केलेलं."

काका खुर्चीतून उठले नाहीत. क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, पुढे करून त्याच्या टोकाने त्यांनी हवेतच आकडे दाखवले. "हिने? हिचे आकडे इंग्रजीत कधीपासून?"

अध्यक्षांनी मान वळवून मॅनेजरकडे बघितलं. "तुम्हीच तक्रार केली होती ना, हिचे मराठी आकडे वाचता येत नाहीत म्हणून?"

"सर, ते मस्टरवर. इथे कदाचित…"

"आणि हा चार बघा," काका म्हणाले. क्यू भिंतीकडे वळला. बोर्डावर त्या दिवशीची वेळ लिहिलेली होती, साडेचार. "हा तिथला आणि हा इथला. जुळे आहेत. आई एकच."

कल्याणचे आधी हसले. मग आपलेही. ह्या वेळी हसू माझ्या अंगावर आलं नाही. ते कुठे पडतंय ते मी बघत होते. मॅनेजरचे कान लाल झाले आणि तो खिशात काहीतरी शोधायला लागला.

अध्यक्षांनी मला विचारलं, बाई, तुम्ही तेव्हा का नाही बोललात?

ह्याचं उत्तर मला येत नव्हतं, म्हणून दिलं नाही. जे येत होतं तेवढंच म्हटलं. "मला इंग्रजी आकडे काढता येत नाहीत. आणि मार्कर म्हणजे काका, हे मला माहीत होतं."

सामना झाला. आपण हरलो, त्याचंही मला काही वाटलं नाही. पाहुणे गेल्यावर अध्यक्षांनी सगळ्यांसमोर माझी माफी मागितली. उद्यापासून टेबल परत तुमच्याकडे, म्हणाले. सभ्य माणूस आहे. पण त्यांची माफी मला नको होती. आणखी काही हवंय का, असं त्यांनी सहज विचारलं असेल. मी बोर्डाकडे बोट केलं.

"तिथेच लिहायला सांगा. ह्यांच्या हाताने."

आधीची ओळ मी स्वतः पुसली. ओल्या फडक्याने, कंसातल्या ओळीसकट. मॅनेजर पेन शोधत होता. बोर्डाचं पेन आणि खोक्यांवर लिहायचं पेन दिसायला सारखीच, दोन्ही काळी, दोन्ही जाड. एक पुसलं जातं, एक जात नाही. टेबलावर ठिपके काढले ते दुसरं. दोन्ही आवरून ठेवायचं काम माझं, त्यामुळे कुठलं कुठलं ते मला न बघता कळतं. मी खणातून पेन काढून, टोपण उघडून त्याच्या हातात दिलं.

त्याने लिहिलं: टेबलावरच्या खुणा मी केल्या होत्या, मावशींनी नाही. खाली सही. काका म्हणाले, अक्षर छान आहे हो.

दोन दिवसांनी मी ब्रश मारत असताना तो बोर्डापाशी उभा राहून फडकं घासत होता. ओळ हलत नव्हती. मग थुंकी लावली, साबणाचं पाणी लावलं. शेवटी माझ्या कपाटातून स्पिरिटची बाटली काढून आणली आणि मला विचारलं, "मावशी, याने जाईल का?"

बोर्डावरून स्पिरिटने एका हातात जातं. दुकानातल्या काचेवरून मी कितीदा काढलं आहे.

"टेबलाला लावलं होतंत तेव्हा काय झालं?" मी म्हटलं.

त्याने बाटलीकडे बघितलं, बोर्डाकडे बघितलं, आणि बाटली परत फिनाईलच्या मागे ठेवून दिली.

मी रोज सकाळी टेबलाला ब्रश मारते, मग बोर्ड पुसते. फडकं त्या ओळीच्या कडेकडेने नेते.